उसनं नाक

रविवारी दुपारी चारच्या आत आई जेवणाच्या टेबलावरचा कपडा काढून त्याची घडी करायची. चीज उघड्या लाकडावर मांडायचं, कपड्याला कपाटाचा वास असतो, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम वाइनचा. वाइन दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची आणायची, म्हणजे जिच्यासाठी वाकावं लागतं ती. आणि स्वयंपाकघरातच काचेच्या जगमध्ये ओतून बाटली नजरेआड करायची. महाग बाटली जिभेला कळत नाही, फक्त पाहुण्यांना कळते, असं ती म्हणायची आणि पाहुणे माना डोलवायचे. तसे ते बहुतेक माना डोलवायलाच येत.

आईने एकतीस वर्षं एका मोठ्या डेअरीच्या तळघरात चीज पारखलं होतं. तिची पन्हळीसारखी पोकळ सळई अजून घरात होती. सळई चीजच्या चाकात, म्हणजे मुरवलेल्या मोठ्या गोल वडीत, खुपसायची, अर्धा फेरा द्यायचा आणि ओढून घ्यायची, की तिच्याबरोबर बोटभर चीज बाहेर यायचं. आधी त्याचा वास घ्यायचा. मग टोकाचा तुकडा अंगठा आणि तर्जनीत चुरून पाहायचा, मग जिभेवर ठेवायचा. उरलेलं परत भोकात ढकलून वरून बोट फिरवलं, की चाकाला काही झालं होतं हे कुणाला सांगूनही खरं वाटू नये. त्या एकतीस वर्षांत तिने नापास केलेलं चीज कुणी दुसऱ्याला दाखवायला नेलं नाही. लोक तिला ‘नाक’ म्हणत. सुरुवातीला पाठीमागे, मग तोंडावर, आणि निवृत्त झाल्यावर ती स्वतःच फोन उचलून तसं सांगायला लागली.

लेकीला घरात वेगळं नाव पडलं होतं. ती नऊ वर्षांची असताना आईने तिचे डोळे रुमालाने बांधून दोन पेले पुढे केले होते, एक गाईच्या दुधाचा, एक बकरीच्या. लेकीला फरक सांगता आला नाही. त्या दिवशी तिला सर्दी होती आणि तिने तसं सांगितलंही. पण सर्दीची सबब बोथट माणसंच सांगतात असं आईचं मत पडलं. तेव्हापासून ती बोथट. मावशीने लाडाने त्याचं बोथू केलं, त्याने फारसा फरक पडला नाही. आता बोथट एक्केचाळीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासत होती आणि आईबरोबरच राहत होती.

त्या हिवाळ्यात आईला ताप आला. आठ दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. लेक संध्याकाळी कामावरून आली तेव्हा जिन्यातच जळक्या दुधाचा भपकारा आला. घरात धूर होता, भांडं काळं पडलं होतं आणि त्याच्यापासून चार पावलांवर आई शब्दकोडं सोडवत बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने विचारलं, काही झालं का? मग ती उठली. कॉफीचा डबा, मिरीची बरणी, रॉकेलचा कॅन, एकामागून एक उघडत गेली. शेवटी व्हिनेगरची बाटली नाकाशी धरून इतका वेळ बसली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोळ्यांना झोंबत होतं, नाकाला पत्ता नव्हता. लेकीला क्षणभर वाटलं, आई रडते आहे. आईने बाटलीला बूच लावलं, डोळे पुसले आणि म्हणाली की हे कुणाला कळता कामा नये, आणि रविवारी चारला लोक येणार आहेत.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार.

तेव्हापासून त्यांचं असं ठरलं. रविवारी तीनला स्वयंपाकघराचं दार लावायचं. लेकीने चीज चाखायचं, वाइन चाखायची आणि जे लागेल ते सांगायचं. आईने त्याचं पारख्याच्या भाषेत रूपांतर करायचं. लेक म्हणायची, ओल्या पुठ्ठ्यासारखं आहे. आई म्हणायची, तळघर कोंदट आहे, वारा खेळत नाही. लेक म्हणायची, वाइनला काडेपेटीची काडी विझवल्यासारखा वास येतोय. आई म्हणायची, तासभर जगमध्ये राहू दे, जाईल. आणि जायचा. एकीकडे नाक होतं, दुसरीकडे शब्द, आणि दोन्ही मिळून चारला टेबलावर आईच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते पूर्वीपेक्षाही चोख असायचं. मावशी म्हणाली सुद्धा, अक्का, तापाने तुझं नाक जास्तच धारदार झालं बघ.

लेकीलाच सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. आपल्याला इतकं कळतं हे तिला एक्केचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आईने तिची परीक्षाही घेतली. एकदा दोन बशांत दोन तुकडे ठेवले आणि विचारलं, यातलं कुठलं जास्त मुरलंय? लेक म्हणाली, दोन्ही एकाच चाकाचे आहेत, हा सालीजवळचा आणि तो मधला. आई तिच्याकडे बघत राहिली. लेक थांबली होती. आई म्हणाली, ‘सुरी धुवून ठेव.’

हेही एक वेळ ठीक होतं. पण चारला सगळे बसले, आईने निकाल सांगितला आणि मंडळींनी मान डोलावली, की आई टेबलाच्या टोकाला बसलेल्या लेकीकडे वळायची आणि पूर्वीपासूनचा प्रश्न विचारायची: ‘बोथट, तुला काय लागलं?’ लेकीने म्हणायचं, खारट. मग सगळे हसायचे. हा खेळ वीस वर्षं चालला होता, आणि तासाभरापूर्वी जिने पुठ्ठा आणि काडेपेटी ओळखली तिच्याशीही तो तसाच चालू राहिला. मावशी गालाला हात लावून म्हणायची, असू दे गं, बोथूला माणसं कळतात. चीजच्या दुकानाचा मालक, जो दर रविवारी यायचा कारण नाकाने वाखाणलेलं चीज त्याच्याकडे दोन दिवसांत संपायचं, तो तर हसताना पोट धरायचा.

एकदा लेकीने आईला म्हटलं की निदान तो प्रश्न तरी सोडून दे.

‘विचारलं नाही तर लोकांना संशय येईल,’ आई म्हणाली. ‘आणि तुला सवय आहे. मला नाही.’

लेकीला काही फार नको होतं. खुर्ची नको होती, नाव नको होतं. एकदा, त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर आईने म्हणावं की हे हिने ओळखलं, एवढंच. आईला तिने तेही सांगून पाहिलं. आई म्हणाली, मी मेल्यावर काय सांगायचं ते सांग, तोवर जग भरून आण.

वसंताच्या शेवटी बकरीवाल्याचं चीज आलं. हा पूर्वी बस चालवायचा. पाठीने दगा दिला तेव्हा नोकरी सोडून त्याने बकऱ्या घेतल्या, शहराबाहेर पत्र्याची शेड बांधली आणि दोन वर्षं ताजं, पांढरं चीज विकून कसंबसं भागवलं. आता पहिल्यांदाच त्याने चाकं मुरवली होती. पाच महिने, चाळीस चाकं, रोज प्रत्येकाला हाताने उलटवून. दुकानदार सगळीच्या सगळी घ्यायला तयार होता, फक्त नाकाने हो म्हणायचं होतं. बकरीवाल्याने शनिवारी एक चाक घरी आणून दिलं. ते त्याने स्वतःच्या धुतलेल्या शर्टात गुंडाळलं होतं. बाई, जसं असेल तसं सांगा, तो म्हणाला, मी वाईट वाटून घेणारा माणूस नाही.

रविवारी तीनला आईने सळई चाकात घातली, अर्धा फेरा दिला आणि ओढली. वास घेण्याचा तिने प्रयत्नही केला नाही. टोकाचा तुकडा बोटांत चुरला, पुन्हा चुरला, आणि तिचा हात जरा रेंगाळला. मग तिने सळई लेकीपुढे धरली.

लेकीने तोंडात घातलं आणि खिडकीकडे पाठ केली. आधी ऊन लागलेल्या दगडासारखं काहीतरी आलं, मग अक्रोडाच्या आतल्या पातळ सालीचा कडसरपणा, आणि मग सगळं ओसरलं असं वाटत असतानाच दूध परत आलं, गोड, जणू आत्ताच काढलेलं. तिने चार महिन्यांत पन्नासेक चीजं चाखली होती. असं एकही नव्हतं. हे चीज कळायला नाक लागत नव्हतं. हे मावशीलाही कळलं असतं.

याच विचारापाशी ती थांबली. हे मावशीलाही कळेल.

‘काय?’ आईने विचारलं.

‘साबण,’ लेक म्हणाली. ‘आधी बरं लागतं. शेवटी साबण येतो. घशाशी कडवट.’

आई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बकरीच्या दुधाचं होतं असं कधीकधी, चरबी फुटते. जास्त मुरवलं त्याने. तिने उरलेलं चीज भोकात ढकललं आणि वरून बोट फिरवलं.

लेकीचा हिशेब सरळ होता. आई साबण म्हणेल. लोक चाखतील, एकमेकांकडे बघतील. कुणीतरी म्हणेल, अहो, हे तर उत्तम आहे. आईचं नाक सगळ्यांदेखत कापलं जाईल, आणि बकरीवाल्याचं काही बिघडणार नाही, कारण त्याचं चीज स्वतःच बोलेल. सर्वांच्या तोंडात एकेक जीभ आहे, यावर तिने सगळं लावलं होतं.

चारला सगळे बसले. बकरीवाला खुर्चीच्या कडेवर टेकला होता, बस सुटायची वेळ झाल्यासारखा. आईने जगमधून पांढरी वाइन ओतली, तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि मग तिच्या त्या हलक्या आवाजात, ज्या आवाजात डॉक्टर वाईट बातमी देतात, म्हणाली की मेहनत दिसते, साल सुरेख धरली आहे, पण शेवटी साबण आहे. हे विकता येणार नाही.

लेक वाट बघत होती.

मावशीने तुकडा चघळला. ‘मला तर बरं लागतंय गं, अक्का.’

‘तुला हॉस्पिटलातलं जेवणही बरं लागायचं,’ आई म्हणाली. ‘डबे धुवून परत मागायचीस.’

हशा पिकला. मावशीही हसली. तिने दुसरा तुकडा घेतला, या वेळी हळूहळू चावला, आणि तिच्या कपाळावर आठी आली. हो गं, म्हणाली, शेवटी आहे खरं काहीतरी. दुकानदार म्हणाला, त्याला तर पहिल्या घासालाच शंका आली होती, पण म्हटलं आधी बाईंना बोलू द्यावं. त्याने पेलाभर वाइनने चूळ भरल्यासारखं केलं आणि गिळली. आता सगळे बकरीवाल्याकडे बघत होते. त्याने मोठा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ, डोळे मिटून, चावत राहिला. पाच महिने त्याने हे चीज रोज हाताळलं होतं, चाखलं असणार. त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

‘आहे,’ तो म्हणाला. ‘साबण आहे. मला इतके दिवस कळला कसा नाही?’

लेक रोज तीसेक लोकांना खुर्चीत बसवून, डोळ्यांपुढे काच बदलत विचारायची: हे बरं की ते? आता हे की मघाचं? पहिल्यांदा माणूस ठाम सांगतो. दुसऱ्यांदा चाचरतो. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, तुम्हीच सांगा. स्वतःच्या डोळ्यांचं माणसं दुसऱ्याला विचारतात हे जिच्या पोटापाण्याचं ज्ञान, ती जिभेच्या बाबतीत ते विसरली होती.

आता बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात आई टेबलाच्या टोकाकडे वळली.

‘बोथट, तुला काय लागलं?’

‘खारट,’ लेक म्हणाली.

सगळे हसले. बकरीवालाही हसला, सुटल्यासारखा, कारण आता निदान कुणीतरी त्याच्यापेक्षा बोथट होतं.

सोमवारी आणि मंगळवारी तिने बकरीवाल्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. बुधवारी तिने अर्धी रजा टाकली आणि बस पकडून शेडवर गेली. मुरवण्याच्या खोलीत फळ्या मोकळ्या होत्या. लाकडावर गोल ओले डाग होते, ओळीने, एकोणचाळीस. बकरीवाला फळ्या घासत होता. शेजाऱ्याकडे डुकरं आहेत, त्याने सांगितलं, दोन फेऱ्यांत संपलं. डुकरांना साबणाचं काही नसतं. हे तो गंमत म्हणून सांगत होता. मग हात पुसत म्हणाला की बाईंचे उपकार आहेत, दुकानात गेलं असतं तर कायमचं नाव गेलं असतं. आता तो दूध तापवून घेणार होता, साल मिठाच्या पाण्याने तीनदा धुणार होता आणि सहा आठवड्यांच्या वर एक दिवस मुरवणार नव्हता. बाईंना सांगा, म्हणाला. लेकीने मान हलवली. त्याच्या बायकोने तिला बसपर्यंत सोडलं आणि वाटेत विचारलं की आठवडाभर काही काम मिळेल का तुमच्या ओळखीत, फरशी पुसायचं सुद्धा चालेल.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. आईला सगळं सांगितलं. साबण नव्हता. मी खोटं बोलले. तुझं हसं व्हावं म्हणून.

आई शब्दकोडं सोडवत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

‘बोटांना कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘चुरताना लोण्यासारखं गेलं. फुटलेल्या चरबीचं चीज असं जात नाही, दाणेदार होतं. एकतीस वर्षांत बोटं कधी चुकली नाहीत.’

‘मग तू साबण का म्हणालीस?’

‘तू म्हणालीस म्हणून. म्हटलं, नाक हिचं आहे. हिला कळत असणार.’ तिने पेन्सिल परत उचलली. ‘आयुष्यात एकदा माझ्या हातांपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला.’

लेकीला एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि ते असं आलं होतं. तिने विचारलं, आता काय करायचं? आई म्हणाली की त्याचं नवीन चीज येऊ दे, मग टेबलावर काय ते बोलू. त्यानंतर सहा रविवार तीनला स्वयंपाकघराचं दार लागत राहिलं, लेक सांगत राहिली, आई बोलत राहिली. फक्त ‘तुला काय लागलं’ हा प्रश्न आईने विचारला नाही. मावशीला चुकल्यासारखं झालं. तिने एकदा आठवणही करून दिली, पण आई म्हणाली, जुनं झालं आता.

सातव्या रविवारी बकरीवाला आला. बारीक झाला होता. त्याने चाक टेबलावर ठेवलं. ते पिवळसर, गुळगुळीत होतं, घासून घासून चकचकीत केलेलं. आईने वाइन ओतली. सळई हातात घेतली, चाकात घातली, ओढली, आणि तोंडाकडे न नेता टेबल ओलांडून लेकीपुढे धरली.

‘आजपासून मला विचारू नका,’ ती म्हणाली. ‘हिवाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही. चव म्हणाल तर आंबट, गोड, खारट, कडू, बस. तेव्हापासून इथे जे जे ऐकलंत ते सगळं हिने ओळखलं, मी फक्त बोलले. नाक हिचं आहे. माझ्याहून चांगलं आहे.’

मावशीने तोंडावर हात ठेवला. मग उठून तिने लेकीला कवटाळलं आणि रडायला लागली, बोथू, बोथू म्हणत. दुकानदाराने पेला उंचावला. लेकीला आईच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, दयाही दिसली नाही. ती शांत बसली होती आणि बघत होती.

लेकीने सळई खाली ठेवली. ती म्हणाली, मग माझं ऐका. मागच्या चीजमध्ये साबण नव्हता. ते मी आजवर खाल्लेलं सगळ्यात चांगलं चीज होतं. मी खोटं सांगितलं आणि आई तेच बोलली. चूक माझी आहे.

मग बकरीवाला हसला, दुखणाईताकडे बघून हसावं तसा.

‘ताई, असं नका करू. मी स्वतः चाखलं होतं. अजून जिभेवर आहे.’

तिने पुन्हा सांगितलं. अक्रोड, दगड, मागून परत येणारं दूध, सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, त्याने एक तुकडा घरी नेला होता, बायकोला काही न सांगता दिला, म्हणजे एवढंच सांगितलं की साबण लागतोय का बघ, आणि तिलाही लागला. मावशी म्हणाली, मलाही लागला होता गं, आधी कळला नाही, पण मग लागला. लेक आईकडे वळली. तू सांग, ती म्हणाली. बोटांचं सांग.

आईने वाइनचा घोट घेतला.

‘मऊ मनाची आहे,’ ती बकरीवाल्याला म्हणाली. ‘कुणाचं नुकसान झालं की हिला झोप लागत नाही. मनावर घेऊ नका.’

बकरीवाला म्हणाला की त्याला ठाऊक आहे, त्या दिवशी ताई एवढ्या लांब शेडवर आल्या तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, अशी माणसं कमी असतात. मग त्याने दोन बोटांनी सळई उचलून तिच्या हातात दिली. त्याचे हात मिठाच्या पाण्याने फाटले होते.

‘आता हे सांगा,’ तो म्हणाला. ‘तुम्ही म्हणाल ते.’

लेकीने तोंडात घातलं. काहीच नव्हतं. दूध तापवून मारलेलं, मीठ वर बसलेलं, साल इतकी धुतलेली की तिच्यात कुणी राहत नव्हतं. तिने शोधून पाहिलं, शेवटपर्यंत थांबून पाहिलं, काही परत आलं नाही. बकरीवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या खोलीत अशी चाळीस चाकं होती, आणि तो या चीजवर शेड सोडून देणार होता किंवा टिकवणार होता.

‘स्वच्छ आहे,’ ती म्हणाली.

बकरीवाल्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. दुकानदार म्हणाला, उद्याच पाठवून द्या. मावशीने तुकडा उचलला, मग दुकानदाराने, आणि किती स्वच्छ आहे, अगदी स्वच्छ, असं ते एकमेकांना सांगू लागले. आईनेही एक तुकडा तोंडात ठेवला, तिला त्यातलं फक्त मीठ लागत असणार, आणि तो चावत, लेकीवरची नजर न काढता, तिने जग तिच्यापुढे सरकवला.